डब्यात डबा, डब्यात डबा!

दोस्तांनो, आज तुम्हांला माझी एक फजिती सांगणार आहे. हसू आलं तर खुशाल हसा! पण शेवटपर्यंत वाचा. कारण अशी फजिती करून घ्यायला फार काही लागत नाही. एक संगणक आणि थोडी घाई, बस्स!

आमच्या घरच्या संगणकात फोटोंचे एक मोठे फोल्डर होते आणि त्याच्या पोटात आणखी तीन फोल्डर. एकात भाच्याच्या मुंजीचे २१० फोटो, दुसऱ्यात गावच्या जत्रेचे १४० आणि तिसऱ्यात उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांचे ९०. या नव्वदांतला एक फोटो सगळ्यांचा लाडका होता. माझी आई अंगणात पोळपाट घेऊन बसली आहे, हाताला पीठ लागलंय आणि कॅमेऱ्याकडे न बघता ती कावळ्याला हाकलते आहे! त्याच्या पुढच्याच वर्षी आई गेली.

मला वाटले, फोटो तीन-तीन ठिकाणी कशाला शोधायचे? सगळे एकाच फोल्डरमध्ये आणू या. पण ४४० फोटो हाताने कोण हलवणार? म्हणून मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक फोल्डरमध्ये जायचे, प्रत्येक फोटो उचलायचा आणि ‘सगळे फोटो’ नावाच्या नव्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा, एवढेच त्याचे काम. बटण दाबले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम फत्ते! ना कुरकूर, ना चुकीची सूचना. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी सहावीतली माझी भाची आली. फोटो बघता बघता म्हणाली, “मामा, आजीचा कावळ्याचा फोटो कुठंय रे?”

शोधला. नव्हता.

“मामा, आधी किती फोटो होते?”

“चारशे चाळीस.”

“आणि आता?”

मोजले. फक्त २१०! माझ्या पोटात गोळाच आला. २३० फोटो गेले कुठे? चोर आला नव्हता, संगणक बिघडला नव्हता आणि माझ्या प्रोग्रामने सांगितलेले काम इमानेइतबारे केले होते. मग?

हे कोडे तुम्हीच सोडवायचे आहे. पण त्यासाठी फाईलींच्या जंगलात संगणक हिंडतो तरी कसा, ते आधी बघू या.

लाडू मोजा पाहू!

दिवाळीचे दिवस आहेत. फडताळात आजीने एक मोठा डबा ठेवलाय. तो उघडला तर आत दोन लाडू, एक निळा डबा आणि एक पितळी डबा. निळ्या डब्यात तीन लाडू आणि एक छोटी डबी. डबीत एक लाडू. पितळी डबा मात्र रिकामा! तुमच्या धाकट्या भावाला सगळे लाडू मोजायचे आहेत. आतमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही त्याला काय सांगाल?

“आधी दोन मोज, मग निळा उघड, मग तीन मोज...” असे सांगून भागणार नाही. उद्या आजीने डब्यांची मांडणी बदलली तर? कुठल्याही डब्यांना लागू पडेल अशी सूचना हवी. ती फक्त तीन ओळींची आहे :

१. डबा उघड आणि आतली एकेक वस्तू बघ.
२. वस्तू लाडू असेल तर मोज.
३. वस्तू डबा असेल तर त्या डब्यासाठी याच तीन ओळी पुन्हा कर.

तिसऱ्या ओळीतली गंमत लक्षात आली का? ही सूचना स्वतःलाच बोलावते! संगणकाच्या भाषेत या युक्तीला ‘रिकर्शन’ म्हणतात. आपण तिला ‘पुनरावर्तन’ म्हणू.

आता भावाच्या मागे मागे चला. मोठ्या डब्यात दोन लाडू. झाले २. मग निळा डबा आला. तिथे तीन. झाले ५. निळ्यात छोटी डबी आहे. तिच्यात एक. झाले ६. डबी संपली, परत निळ्याकडे. निळा संपला, परत मोठ्याकडे. आता पितळी उघडा. काहीच नाही! मोजायला लाडू नाही, उघडायला डबा नाही, म्हणजे आपोआप परत फिरा. मोठाही संपला. एकूण लाडू ६.

परतीची वाट कशी लक्षात राहते? समजा, भाऊ नवा डबा उघडण्याआधी एक चिठ्ठी लिहितो, ‘मी मोठ्या डब्यात इथवर आलो होतो.’ दुसरा डबा उघडताना दुसरी चिठ्ठी पहिलीच्या वर ठेवतो. एक डबा संपला की सगळ्यांत वरची चिठ्ठी उचलायची आणि तिथून पुढे चालू लागायचे. शेवटी ठेवलेली चिठ्ठी आधी निघते. ताटांची चवड असते ना, अगदी तशी! संगणकही अशीच चवड रचतो. तिला ‘स्टॅक’ म्हणतात.

मुळे वर, फांद्या खाली

आता डब्याच्या जागी फोल्डर ठेवा आणि लाडवाच्या जागी फाईल. झाले! संगणकातली सगळी मांडणी अशीच असते. फोल्डरचे जुने नाव ‘डिरेक्टरी’. सगळ्यांत वरच्या फोल्डरला ‘रूट’ म्हणजे मूळ म्हणतात आणि त्यातून खाली खाली फांद्या फुटत जातात. म्हणजे झाड उलटेच की! गीतेचा पंधरावा अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांना त्यातला मुळे वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ आठवेल. नाहीतर आपल्या घरातली वंशावळ आठवा. मूळ पुरुष वर, पोरेबाळे खाली.

ही मांडणी काही आकाशातून पडली नाही बरं का! अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘मल्टिक्स’ नावाची एक संगणक-प्रणाली घडवली जात होती. रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन या दोघांनी १९६५ साली एका निबंधात तिच्यासाठी अशा झाडासारख्या मांडणीचे वर्णन केले. मग १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’चे काम सुरू केले आणि त्यांनीही हीच कल्पना उचलली. घरगुती संगणकांवर मात्र ती जरा उशिरा आली. १९८१ सालच्या पहिल्या ‘एमएस-डॉस’मध्ये फोल्डरच्या आत फोल्डर करताच येत नसे. सगळ्या फाईली एकाच गोणीत! ती सोय १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

तुमच्या आईबाबांनी शाळा-कॉलेजात डॉसचा काळा पडदा पाहिला असेल, तर त्यांना ‘डीआयआर’ ही आज्ञा नक्की आठवेल. ती टाइप केली की समोरच्या डिरेक्टरीतल्या नावांची यादी सरसर पडद्यावर यायची. विचारून बघा त्यांना!

पायथॉनबरोबर फेरफटका

फाईलींतून फिरण्याची सोय बहुतेक सगळ्या संगणक-भाषांत असते. आपण ‘पायथॉन’ भाषेचे उदाहरण घेऊ. ही भाषा गिडो व्हॅन रोसम यांनी तयार केली आणि १९९१ साली जगापुढे आणली. नाव अजगराचे वाटते ना? पण ते घेतले आहे ‘मॉन्टी पायथॉन’ नावाच्या एका विनोदी इंग्रजी दूरदर्शन-मालिकेवरून!

पायथॉनमध्ये ‘ओएस’ नावाची एक हत्यारांची पेटी आहे. तिच्यात ‘लिस्टडिर’ नावाचे हत्यार आहे. त्याला फोल्डर दाखवले की ते आतल्या नावांची यादी देते. पण फक्त नावे! कोणती फाईल आणि कोणते फोल्डर, हे प्रत्येक नावाबद्दल वेगळे विचारावे लागते. आतल्या फोल्डरमध्ये तर ते डोकावतही नाही.

म्हणून २००३ साली पायथॉनच्या २.३ या आवृत्तीत ‘वॉक’ हे नवे हत्यार आले. वॉक म्हणजे चालणे. हा एक पायाला भिंगरी लावलेला पोऱ्याच समजा. त्याला सुरुवातीचे फोल्डर सांगायचे. मग तो एकामागून एक प्रत्येक फोल्डरमध्ये जातो आणि दर ठिकाणाहून तीन गोष्टी कळवतो : मी आता कुठे आहे त्याचा पत्ता, इथल्या फोल्डरांची यादी आणि इथल्या फाईलींची यादी. आपल्या तीन ओळींचे पुनरावर्तन तो स्वतःच करतो. आपण फक्त सांगायचे, ‘वॉकने आणलेल्या प्रत्येक फाईलसाठी अमुक अमुक कर.’ या ‘प्रत्येकासाठी’ला पायथॉनमध्ये ‘फॉर’ म्हणतात.

२०१५ साली ३.५ या आवृत्तीत हा पोऱ्या एकदम चपळ झाला. ‘स्कॅनडिर’ हे नवे हत्यार नाव आणि त्याचा प्रकार, फाईल की फोल्डर, दोन्ही बहुधा एकाच खेपेत आणू लागले. दर नावामागे होणारा हेलपाटा वाचला! त्यामुळे विंडोजवर वॉकचा वेग ७ ते २० पट वाढला, असे पायथॉनच्या माहितीपत्रकात म्हटले आहे.

नाव नको, पत्ता द्या

आता कोड्याच्या जवळ येऊ. एखाद्या पाकिटावर नुसते ‘जोशी’ लिहून पेटीत टाकले तर पत्र पोचेल का? पोस्टमनकाका कपाळाला हात लावतील! कोणते जोशी? कुठल्या गावचे, कुठल्या आळीतले?

फाईलींचेही तसेच. वॉक फाईलींची जी यादी देतो तिच्यात फक्त नावे असतात. फाईल उघडायची तर फोल्डरचा पत्ता आणि नाव जोडून पूर्ण पत्ता करावा लागतो. दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फाईली सुखाने राहू शकतात, कारण त्यांचे पत्ते वेगळे असतात. एकाच फोल्डरात मात्र एका नावाची एकच फाईल राहू शकते.

आता आठवा. माझा कॅमेरा फोटोंना स्वतःच क्रमांकाची नावे देत असे आणि कार्ड रिकामे केले की पुन्हा १ पासून सुरुवात करी. म्हणजे मुंजीच्या फोल्डरात फोटो १, जत्रेच्या फोल्डरात फोटो १ आणि पापडांच्या फोल्डरातही फोटो १!

पेटला का दिवा? बरोब्बर! पोऱ्याने आधी पापडांचे ९० फोटो नव्या फोल्डरमध्ये ठेवले. मग जत्रेचे आणले. जत्रेचा फोटो १ ठेवायला गेला तर तिथे पापडांचा फोटो १ बसलेला. त्याने त्याला उठवले आणि त्याच्या जागी जत्रेचा बसवला. असे नव्वदच्या नव्वद गेले. मग मुंज आली आणि तिने जत्रेचे १४० पुसले. उरले मुंजीचे २१०. आता बेरीज करा पाहू. ९० अधिक १४० म्हणजे २३०. हिशेब चोख!

माझ्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. तिच्यावर पायथॉनची नाव बदलण्याची आज्ञा जुन्या फाईलच्या जागी नवी गुपचूप बसवते. विंडोजवर तीच आज्ञा ‘या नावाची फाईल इथे आधीच आहे’ म्हणून अडून बसली असती. पण दोष लिनक्सचा नाही. न विचारता, न मोजता बटण दाबणाऱ्या मामाचा!

आणखी चार खड्डे

पहिला खड्डा क्रमाचा. यादीतली नावे अमुक क्रमानेच येतील असे वचन लिस्टडिर देत नाही. क्रम हवा असेल तर आपणच यादी लावून घ्यायची. त्यातही गंमत आहे. संगणक नावे अक्षर-अक्षर तुलना करून लावतो. म्हणून ‘फोटो १०’ हा ‘फोटो २’च्या आधी येतो, कारण १ हा २च्या आधी! नावे देताना ‘०२’, ‘१०’ अशी सारख्या अंकांची दिली की क्रम सुधारतो. मराठी नावांत तर आणखी मौज. आपल्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर असतो, पण संगणकाच्या युनिकोड क्रमात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये घुसून बसतो.

दुसरा खड्डा धांदलीचा. बाई हजेरी घेत असताना मुले बाक बदलू लागली तर काय होईल? कुणाची हजेरी दोनदा, कुणाची एकदाही नाही! यादीतून फिरता फिरता त्याच यादीतून नावे खोडली तर पायथॉनचा पुढचा गडी हुकतो. तसेच नवे फोल्डर जुन्याच फोल्डरच्या पोटात केले तर पोऱ्या फिरत फिरत तिथेही पोचू शकतो. म्हणून आधी पूर्ण यादी करून घ्यावी आणि मगच फाईली हलवाव्यात.

तिसरा खड्डा चकव्याचा. रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो म्हणतात. समजा, छोट्या डबीत लाडवाऐवजी एक चिठ्ठी आहे, ‘मोठ्या डब्यात बघ.’ भाऊ मोठा डबा उघडणार, मग निळा, मग डबी, मग पुन्हा तीच चिठ्ठी! संगणकात अशा चिठ्ठ्या खरोखर असतात. त्यांना ‘सिम्बॉलिक लिंक’ म्हणतात. वॉक शहाणा आहे. आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय तो अशा चिठ्ठीच्या मागे जात नाही.

चौथा खड्डा मुकाट्याचा. एखादे फोल्डर उघडायची परवानगी नसली तर वॉक तक्रार करत नाही, ते वगळून पुढे जातो. आपल्याला वाटते सगळे घर पाहून झाले, पण एक खोली राहूनच गेलेली असते!

आधी रंगीत तालीम

नाटकाच्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात ना? फाईली हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या प्रोग्रामचीही करायची. पहिल्या फेरीत काहीही हलवायचे नाही. फक्त छापायचे, ‘ही फाईल इथून उचलून तिथे ठेवीन.’ ती यादी डोळ्यांनी वाचायची. मी हे केले असते तर ‘फोटो १’ तीनदा दिसला असता आणि तिथेच थांबलो असतो.

दुसरे म्हणजे, हलवू नका. आधी नक्कल करा आणि मूळ फाईली जागच्या जागी राहू द्या. तिसरे, नव्या नावाला जुन्या फोल्डरचे नाव जोडा. ‘पापड-१’, ‘जत्रा-१’, ‘मुंज-१’. मग कोण कुणाला उठवील? चौथे, ठेवण्याआधी तिथे त्या नावाची फाईल आहे का, ते विचारा. आणि पाचवे, जे माझ्या भाचीला सुचले आणि मला नाही : आधी मोजा, नंतर मोजा, दोन्ही आकडे जुळवा.

करून पाहा

आईबाबांना सांगून एक ‘सराव’ नावाचे फोल्डर करा. त्यात चार-पाच फोल्डर आणि काही रिकाम्या फाईली बनवा. पायथॉन फुकट मिळते. वॉकला ‘सराव’मध्ये पाठवा आणि फाईली नुसत्या मोजून घ्या. मोजण्याने काही पुसले जात नाही, तेव्हा घाबरू नका. बाकीच्या संगणकाला मात्र हात लावू नका!

आणि हे कोडे कागदावर सोडवा. ‘घर’ नावाच्या फोल्डरात २ फाईली आणि ३ फोल्डर आहेत. त्या तिन्हींत प्रत्येकी ४ फाईली आणि १ रिकामे फोल्डर आहे. एकूण फाईली किती? आणि ‘घर’ धरून पोऱ्याला किती फोल्डर उघडावी लागतील?

आता तुम्ही विचाराल, त्या कावळ्याच्या फोटोचे काय झाले? जत्रेचे फोटो काही परत मिळाले नाहीत. पापडांचेही नाहीत. पण तो एक फोटो माझ्या बहिणीच्या फोनमध्ये सापडला. पूर्वी कधीतरी मीच तिला पाठवला होता. पाठवताना तो लहान झाला होता, त्यामुळे मोठा छापल्यावर आईचा चेहरा थोडा पुसट दिसतो. कावळा तर नुसता काळा ठिपका! तरी तो आमच्या भिंतीवर आहे. नवा प्रोग्राम लिहायला बसलो की मी आधी त्याच्याकडे बघतो आणि मग रंगीत तालीम करतो.

(कोड्याचे उत्तर : फाईली १४, फोल्डर ७.)